रेफरन्स क्लॉकचा जिटर स्पेक्ट्रमवर कसा मोजायचा: नव्यांसाठी, नागपूरच्या एका लॅबमधून

ऑसिलेटरच्या, म्हणजे क्लॉक तयार करणाऱ्या भागाच्या, डेटाशीटवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: जिटर १५० फेम्टोसेकंद. (जिटर म्हणजे क्लॉकच्या तालातली चुळबुळ; फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग, आणि पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा.) लॅबमध्ये नव्यानं आलेली मुलं तो आकडा घेऊन येतात आणि विचारतात, सर, चांगला आहे ना हा? मी दर वेळी एकच प्रश्न उलट विचारतो. किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत मोजलेला? उत्तर त्याच पानावर बारीक अक्षरांत असतं, बहुतेकदा १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ. हा पट्टा आला आहे दूरसंचारातून, अडीच गिगाबिटच्या ऑप्टिकल लिंकच्या मानकातून. तुमच्या बोर्डावर दहा गिगाबिटचं इथरनेट असेल, तर तिथल्या रिसीव्हरला या पट्ट्याशी देणंघेणं नाही. त्याचा पट्टा त्याचा स्वतःचा. पट्टा न सांगता दिलेला जिटरचा आकडा म्हणजे गाव न सांगता दिलेला घर नंबर.

हा लेख रेफरन्स क्लॉकबद्दल आहे, म्हणजे वेगवान सिरियल लिंकला ताल देणाऱ्या क्लॉकबद्दल. उदाहरणाला १५६.२५ मेगाहर्ट्झचा क्लॉक घेतो, कारण १०.३१२५ गिगाबिटच्या इथरनेटला तोच सर्रास वापरतात. त्याची ६६ पट केली की बरोबर १०.३१२५ येतात.

आधी थोडी समज

१५६.२५ मेगाहर्ट्झ म्हणजे दर ६.४ नॅनोसेकंदांनी एक चढती कड. प्रत्यक्षात कड कधी जरा आधी येते, कधी जरा नंतर. ही पुढेमागे होणारी चुळबुळ म्हणजे जिटर. ऑसिलोस्कोप सांगतो की कड किती हलते. ती किती वेगानं हलते, हे स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती शक्ती आहे याचा आलेख, सांगतो. कड सेकंदाला सहा लाख वेळा पुढेमागे होत असेल, तर स्पेक्ट्रममध्ये मुख्य टोकाच्या, म्हणजे कॅरियरच्या, दोन्ही बाजूंना ६०० किलोहर्ट्झ अंतरावर छोटी टोकं दिसतात. त्यांना आपण स्पर म्हणतो. कड अनियमितपणे हलत असेल तर टोकांऐवजी कॅरियरच्या पायथ्याशी पसरट घेर दिसतो, तो फेज नॉइज.

वेग का महत्त्वाचा? समजा तुम्ही रोज सीताबर्डीच्या इंटरचेंजवर मेट्रो बदलता. गाडी महिन्याभरात हळूहळू दोन मिनिटं उशिरा येऊ लागली, तर तुम्हीही नकळत दोन मिनिटं उशिरा निघू लागता आणि गाडी चुकत नाही. पण आज एक मिनिट आधी, उद्या दोन मिनिटं नंतर असं झालं, तर एक दिवस गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते. रिसीव्हरमधलं क्लॉक रिकव्हरी सर्किट असंच वागतं. संथ हालचालीच्या मागे ते जातं, वेगवान हालचालीमागे जाऊ शकत नाही. दहा गिगाबिट इथरनेटच्या मानकात ही सीमा ४ मेगाहर्ट्झ धरली आहे. त्याखालचा जिटर रिसीव्हर बराचसा गिळतो, त्यावरचा थेट डेटावर येतो. ही एक गोष्ट नीट बसली तर पुढचं सगळं सोपं जातं.

शिवाय उपकरणाची मर्यादा आहेच. साधारण लॅबमधल्या स्कोपचा स्वतःचा जिटर काही पिकोसेकंद असतो. त्यानं दोन-तीनशे फेम्टोसेकंद मोजायला जाणं म्हणजे किराण्याच्या काट्यावर सोनं तोलणं.

पहिली पायरी: खोली

उपकरण चालू करून किमान अर्धा तास राहू द्या. बोर्डही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो आणि एसी नुकताच लावलेल्या खोलीत पहिल्या वीस मिनिटांत तापमान झपाट्यानं उतरतं. क्रिस्टल त्याबरोबर सरकत राहतो आणि कॅरियर पडद्यावर एका जागी टिकत नाही.

कुलरबद्दल वेगळं सांगतो, कारण आमच्या लॅबमध्ये तो आहे आणि तुमच्याकडेही असेल. एकदा १० हर्ट्झपासून फेज नॉइजचा आलेख घेतला तर २४ हर्ट्झवर एक स्पष्ट टोक आलं. ५० हर्ट्झवरचं टोक ओळखीचं होतं, ती मेन्सची वीज. पण २४? कुलरच्या मोटरवर पाहिलं, मिनिटाला १४४० फेरे. भागिले साठ, बरोबर २४. क्रिस्टल हा यांत्रिकपणे थरथरणारा दगड आहे, त्याला टेबलातून आलेला कंप कळतो आणि तो आपली वारंवारता त्या तालावर किंचित हलवतो. कुलर बंद केला, २४ चं टोक गेलं, ५० चं राहिलं. लिंकच्या दृष्टीनं २४ हर्ट्झला काडीचंही महत्त्व नाही. पण १० हर्ट्झपासून बेरीज करून आकडा काढलात, तर त्यात कुलरही मोजला जाईल.

बोर्ड शक्यतो बॅटरीवर किंवा चांगल्या लिनियर सप्लायवर चालवा. लॅपटॉप यूएसबीनं जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढा. मोबाईल दुसऱ्या टेबलावर ठेवा.

दुसरी पायरी: जोडणी

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

स्पेक्ट्रम पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचं, म्हणजे स्पेक्ट्रम अॅनालायझरचं, इनपुट ५० ओहमचं, एका वायरीचं. तुमचा क्लॉक बहुतेक वेळा दोन वायरींचा, म्हणजे डिफरन्शियल. नवा माणूस काय करतो, एक वायर अॅनालायझरला लावतो आणि दुसरी तशीच मोकळी सोडतो. मोकळ्या वायरीवरून सिग्नल परत उलटतो, ड्रायव्हरचा भार असमान होतो आणि कडा बिघडतात. एकच वायर मोजायची असेल तर दुसरीला ५० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे टोकाला बसवायचा रेझिस्टर, लावलंच पाहिजे. त्याहून बरं म्हणजे बालून वापरा. तो दोन वायरींमधला फरक तेवढा एका वायरीवर आणतो आणि दोन्हींवर सारखा चढलेला नॉइज कापतो. रिसीव्हरही तेच करतो, म्हणून बालूनचं मोजमाप खऱ्या परिस्थितीच्या जवळ जातं.

मग डीसी ब्लॉक, म्हणजे डीसी अडवून फक्त बदलता सिग्नल पुढे सोडणारा जोड. क्लॉकवर डीसी पातळी असते. एलव्हीडीएस या प्रकारच्या आउटपुटमध्ये ती सुमारे १.२ व्होल्ट, ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या एलव्हीपेकल या दुसऱ्या प्रकारात सुमारे २ व्होल्ट. बऱ्याच अॅनालायझरच्या इनपुटला डीसी चालत नाही. तिथे काय लिहिलंय ते आधी वाचा, वायर नंतर लावा. इनपुटचा पुढचा भाग जळला तर दुरुस्तीचा खर्च नव्या बोर्डांच्या अख्ख्या लॉटएवढा येतो.

आणि एलव्हीपेकलचा सापळा. या आउटपुटला जमिनीकडे डीसी वाट लागते, नाहीतर त्याचे ट्रान्झिस्टर चालूच होत नाहीत. नुसता डीसी ब्लॉक लावलात तर सिग्नल मरतुकडा दिसेल आणि तुम्ही ऑसिलेटरला दोष द्याल. डीसी ब्लॉकच्या आधी, ऑसिलेटरच्या बाजूला, प्रत्येक वायरीवर जमिनीकडे सुमारे १५० ओहमचा रेझिस्टर लावा. नेमकी किंमत ऑसिलेटरच्या डेटाशीटमध्ये मिळेल.

केबल आखूड ठेवा आणि एसएमए कनेक्टर नीट आवळा. ढिला कनेक्टर हलला की स्पेक्ट्रमही हलतो. बर्डीच्या दुकानात टर्मिनेशन मागितलं तर बऱ्याचदा टीव्हीच्या केबलचं ७५ ओहमचं हातात देतात. वरचा छापा वाचून घ्या, नाहीतर सरळ ऑनलाइन मागवा.

तिसरी पायरी: आधी उपकरण मोजा

तुम्ही पडद्यावर जे पाहता ती क्लॉकच्या आणि उपकरणाच्या नॉइजची बेरीज असते. अॅनालायझरच्या आत स्वतःचा एक ऑसिलेटर असतो आणि मध्यम किमतीच्या उपकरणात त्याचा फेज नॉइज कॅरियरपासून १० किलोहर्ट्झ अंतरावर (या अंतराला ऑफसेट म्हणतात) उणे ११० डीबीसी प्रति हर्ट्झच्या आसपास असतो; डीबीसी म्हणजे कॅरियरच्या तुलनेत किती डेसिबल. तुमचा बरा क्रिस्टल ऑसिलेटर त्याच जागी उणे १४० ला असू शकतो. म्हणजे पडद्यावर दिसणारा घेर संपूर्णपणे उपकरणाचा. क्लॉक त्याच्या कितीतरी खाली लपलेला.

हे ओळखायचं कसं? उपकरणाच्या डेटाशीटमधला फेज नॉइजचा आलेख काढा आणि तुमच्या मापाशेजारी ठेवा. दोन्ही एकसारखे दिसत असतील तर तुम्ही उपकरण मोजलंत. उपकरण क्लॉकपेक्षा १० डीबीनं शांत असेल तर चूक अर्ध्या डीबीच्या आत राहते. दोन्ही सारखेच असतील तर बेरीज ३ डीबीनं फुगते.

दूरच्या ऑफसेटवर, म्हणजे मेगाहर्ट्झच्या पुढे, वेगळी अडचण येते. तिथे उपकरणाचा उष्णतेचा नॉइज आड येतो. बाहेरून १० डीबीचा अॅटेन्युएटर लावून पाहा. कॅरियर १० डीबीनं उतरला आणि तळ जागचा हलला नाही, तर तो तळ उपकरणाचा. कॅरियरबरोबर तळही तेवढाच उतरला तर तो सिग्नलसोबत आलेला नॉइज.

एक युक्ती कामाला येते. क्लॉक चौकोनी असतो, त्यामुळे त्याचे तिसरे, पाचवे हार्मोनिक, म्हणजे तिप्पट, पाचपट वारंवारतेवरचे भाग, पुरेसे मोठे असतात. पाचव्या हार्मोनिकवर, म्हणजे ७८१.२५ मेगाहर्ट्झवर मोजलं, तर क्लॉकचा फेज नॉइज १४ डीबीनं वर येतो आणि साध्या अॅनालायझरचा स्वतःचा जवळपास तेवढाच राहतो. मिळालेल्या आकड्यातून १४ वजा करायचे. जवळच्या ऑफसेटला ही युक्ती चालते. दूरच्या ऑफसेटला हार्मोनिकची ताकद कमी पडते, तिथे नको.

खरा उपाय म्हणजे क्रॉस-कोरिलेशनचा फेज नॉइज अॅनालायझर. त्यात दोन स्वतंत्र रिसीव्हर एकच क्लॉक मोजतात. क्लॉकचा नॉइज दोघांत सारखा असतो, उपकरणांचा वेगवेगळा. सरासरी घेत गेलं की उपकरणांचा नॉइज विरतो. १०० वेळा सरासरी घेतली तर १० डीबीचा फायदा, १०,००० वेळा घेतली तर २० डीबीचा. वेळ लागतो, पण आकडा विश्वासाचा येतो. नागपुरात असं उपकरण गल्लोगल्ली मिळत नाही. स्पेक्ट्रम अॅनालायझर मात्र इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मायक्रोवेव्ह लॅबमध्ये सापडतो. माझा सल्ला: साध्या अॅनालायझरवर स्पर शोधा, नॉइजचा अंतिम आकडा काढायचा हट्ट धरू नका. लिंक बिघडवणारा गुन्हेगार बऱ्याचदा स्परच असतो.

चौथी पायरी: स्पर शोधणे

कॅरियर मध्ये घ्या, स्पॅन (पडद्यावर दिसणारा पट्टा) ५० मेगाहर्ट्झ, रिझोल्यूशन बँडविड्थ (एका वेळी मोजला जाणारा अरुंद भाग) १० किलोहर्ट्झ. मग स्पॅन कमी करत ५ मेगाहर्ट्झ, ५०० किलोहर्ट्झ असं आत या आणि बँडविड्थही त्या प्रमाणात कमी करा. एखादं टोक खरंच स्पर आहे की नॉइजचा उंचवटा, हे ओळखायला बँडविड्थ दहापट कमी करून पाहा. नॉइज १० डीबीनं खाली जातो, स्पर जागेवर राहतो.

मग इनपुटचा आतला अॅटेन्युएटर १० डीबीनं बदला. कॅरियरच्या तुलनेत स्परची उंची बदलली तर तो उपकरणाच्या मिक्सरमध्ये जन्मला आहे.

पुढची तपासणी सममितीची. फेज हलत असेल तर दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर जवळपास सारखी टोकं येतात. एकाच बाजूला टोक असेल तर बाहेरचा सिग्नल वायरीवर चढला आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे संगणकातल्या कार्डांना जोडणाऱ्या वेगवान लिंकच्या, १०० मेगाहर्ट्झ क्लॉकवर हे हमखास होतं, कारण तो ८८ ते १०८ च्या एफएम बँडच्या आत बसतो. नागपुरात ९८.३ वर स्टेशन आहे. ते चढलं तर डाव्या बाजूला १.७ मेगाहर्ट्झवर टोक उभं राहतं आणि उजवीकडे काही नसतं. खात्री करायला केबल क्लॉकपासून काढा आणि तिच्या टोकाला ५० ओहम लावा. टोक तरीही दिसत असेल तर रेडिओ तुमच्या केबलमध्ये आहे, बोर्डात नाही.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. दहा गिगाबिटचा पोर्ट असलेला आमचा बोर्ड तासाला चार-पाच चुका देत होता. स्कोपवर रेफरन्स क्लॉकचा जिटर पाचेक पिकोसेकंद दिसे, आणि स्कोपचा स्वतःचाच चारच्या घरात. आम्ही ऑसिलेटर बदलला. मग तिप्पट किमतीचा लावला. चुका तितक्याच. तीन आठवडे गेले, ते दिवस आठवले की अजून जीव खालीवर होतो. शेवटी उसना स्पेक्ट्रम अॅनालायझर आणून क्लॉक बफरच्या, म्हणजे क्लॉक ताजा करून पुढे पाठवणाऱ्या चिपच्या, आउटपुटवर लावला. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना ६.२५ मेगाहर्ट्झवर दोन टोकं, उणे ५४ डीबीसी. आमचा टेक्निशियन पोरगा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, हे तं दोन्हीकडं सारखंच दिसून राहिलं. एफएम नाही वाटत."

मी कागदावर वजाबाकी केली. १५६.२५ वजा ६.२५, बरोबर १५०. आणि १५० म्हणजे २५ ची सहापट. शेजारच्या साध्या इथरनेट चिपला २५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर होता. तो डीसोल्डर करून काढला आणि दोन्ही टोकं पडद्यावरून नाहीशी झाली. लेआउट उघडून पाहिलं तर त्याचा ट्रॅक आमच्या रेफरन्स क्लॉकला खेटून तीन सेंटिमीटर धावत होता, बफरच्या आधी. चढलेला सिग्नल होता फक्त १५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एका बाजूचा. पण बफर अॅम्प्लिट्यूड कापून टाकतो आणि कडांचं सरकणं तेवढं पुढे पाठवतो, त्यामुळे बफरच्या पलीकडे तो दोन्ही बाजूंना दिसतो. सममिती पाहताना हे लक्षात ठेवा: सममित स्परचं मूळही बाहेरचं असू शकतं.

आता उणे ५४ डीबीसी म्हणजे किती वेळ? कॅरियरच्या तुलनेत एका स्परची उंची घ्या, ५४ भागिले २०, दहाचा उणे २.७ वा घात, म्हणजे ०.००२. दोन्ही बाजू मिळून त्याची दुप्पट, ०.००४ रेडियन, ही फेजची एका बाजूची झेप. टोकापासून टोकापर्यंत ०.००८. पूर्ण फेरा ६.२८ रेडियनचा आणि तो ६.४ नॅनोसेकंदांत होतो, म्हणून ०.००८ रेडियन म्हणजे सुमारे ८ पिकोसेकंद. एका बिटची जागा ९७ पिकोसेकंद. त्यातले ८ एका शेजारच्या ट्रॅकनं खाल्ले होते. नव्या बोर्डात तो ट्रॅक दूर नेला आणि चुका थांबल्या. ऑसिलेटर जुनाच, स्वस्तातला, परत लावला.

स्पर दिसला की आधी वजाबाकी करा. बोर्डावर कुठकुठले क्लॉक आहेत आणि पॉवर सप्लाय किती किलोहर्ट्झवर स्विच होतात, याची यादी जवळ ठेवा. बहुतेक स्पर यादीतल्या कशाशी तरी जुळतात.

पाचवी पायरी: घेरापासून आकड्यापर्यंत

फेज नॉइज प्रति हर्ट्झ लिहितात. अॅनालायझरवर बँडविड्थ १ किलोहर्ट्झ असताना उणे ९५ डीबीसी दिसलं, तर १००० हर्ट्झचे ३० डीबी वजा करा, उणे १२५. डिटेक्टर लॉगची सरासरी घेत असेल तर तो नॉइज २.५ डीबीनं कमी दाखवतो, म्हणून तेवढे परत मिळवा. उपकरणात नॉइज मार्कर असेल तर हे सगळं तोच करतो. तो वापरा आणि हाताने पुन्हा दुरुस्ती करू नका. ही दुहेरी दुरुस्ती मी कितीदा तरी पाहिली आहे.

आता बेरीज. समजा १० ते १०० किलोहर्ट्झमध्ये सरासरी उणे १४० मिळालं, १०० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झमध्ये उणे १४८, आणि १ ते २० मेगाहर्ट्झमध्ये उणे १५०. प्रत्येक भागात डीबी साध्या संख्येत आणा आणि हर्ट्झनं गुणा. गुणाकार दहाचा उणे दहावा घात या एककात मोजले, तर पहिल्या भागाचे ९ येतात, दुसऱ्याचे १४ आणि तिसऱ्याचे १९०.

इथे थांबून आलेखाकडे पुन्हा पाहा. डोळा जातो तो डावीकडच्या उंच उतारावर. उजवीकडची सपाट शेपटी निरुपद्रवी वाटते. पण लॉगच्या अक्षावर ती आखूड दिसली तरी तिच्या पोटात १९० लाख हर्ट्झ आहेत, आणि एकूण २१३ पैकी १९० तिचेच. नव्या माणसानं हा हिशेब एकदा स्वतःच्या हातानं करावाच, सॉफ्टवेअरचं बटण नंतर दाबावं.

पुढचं सरळ आहे. बेरजेची दुप्पट करा, कारण घेर दोन्ही बाजूंना असतो. वर्गमूळ काढा, ०.०००२०६ रेडियन येतात. ६.२८ नं भागून ६.४ नॅनोसेकंदांनी गुणा. उत्तर सुमारे २१० फेम्टोसेकंद आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ.

आता याच क्लॉकवर ६०० किलोहर्ट्झला, स्विचिंग सप्लायमुळे, उणे ७० डीबीसीचा एक स्पर आहे असं धरा. त्याची शक्ती त्याच एककात १०००. म्हणजे सगळ्या नॉइजच्या जवळजवळ पाचपट, एकट्याची! त्याचे ४५५ फेम्टोसेकंद होतात. नॉइजबरोबर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की एकूण ५००. पडद्यावर बारीकशी काडी दिसते, आणि आकडा २१० वरून ५०० वर जातो. म्हणून उपकरणात स्पर धरून आणि स्पर वगळून असे दोन्ही आकडे काढा. डेटाशीटमध्ये बऱ्याचदा फक्त दुसरा दिलेला असतो.

सहावी पायरी: रिसीव्हरच्या डोळ्यांनी

५०० पाहून घाबरायचं का? रिसीव्हरची सीमा ४ मेगाहर्ट्झ. ६०० किलोहर्ट्झची हालचाल तिच्या बरीच खाली आहे. पहिल्या ऑर्डरचा हाय-पास, म्हणजे सीमेखालचं हळूहळू कापणारा, फिल्टर धरला तर तिथे १५ टक्केच जिटर शिल्लक राहतो. ४५५ चे उरतात ६७. लिंकला हा स्पर फारसा जाणवणार नाही. उलट आमच्या बोर्डावरचा ६.२५ मेगाहर्ट्झचा स्पर सीमेच्या वर होता, त्यातला ८४ टक्के पार गेला. दोघांच्या उंचीत फरक होताच, पण खरा घात त्याच्या जागेनं केला.

म्हणून बेरीज करण्याआधी आलेखाला फिल्टर लावा. चांगल्या उपकरणात तशी सोय असते. नसेल तर आलेखाचे बिंदू स्प्रेडशीटमध्ये उतरवा. ऑफसेटला सीमेनं भागलं की जे येतं त्याला क्ष म्हणा. क्ष चा वर्ग भागिले (एक अधिक क्ष चा वर्ग), या संख्येनं प्रत्येक बिंदूची शक्ती गुणा आणि मग बेरीज करा. ट्रान्समीटरमध्ये रेफरन्सवरून वेगवान क्लॉक बनवणारा पीएलएल वरच्या बाजूनं काही नॉइज कापतो. त्याची बँडविड्थ माहीत असेल तर तीही लावा, नसेल तर सोडा, आकडा थोडा कडक येईल इतकंच.

६६ नं गुणल्यावर फेज नॉइज ३६ डीबीनं वाढतो, त्याचं काय, असं विचारतात. रेडियन वाढतात, पण फेऱ्याचा वेळही तितकाच लहान होतो. पिकोसेकंदांत जिटर तोच राहतो.

लिंकचा हिशेब टोकापासून टोकापर्यंतच्या जिटरवर चालतो. अनियमित नॉइजचा आरएमएस आकडा, एक लाख कोटी बिटांत एक चूक हे लक्ष्य असेल तर, १४.०७ नं गुणतात. आपल्या २१० फेम्टोसेकंदांचे सुमारे ३ पिकोसेकंद. स्परला हा गुणक लावू नका. त्याची टोकापासून टोकापर्यंतची झेप ठरलेली असते, आरएमएसच्या २.८३ पट.

पीसीआय एक्सप्रेस करणाऱ्यांसाठी थोडंसं

तिथे क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा, आणि मर्यादा फिल्टर लावल्यानंतरच्या आहेत: तिसऱ्या पिढीला १ पिकोसेकंद आरएमएस, चौथीला ०.५, पाचवीला ०.१५. फिल्टर न लावता काढलेला आकडा या मर्यादांशी ताडून पाहू नका. स्प्रेड स्पेक्ट्रम, म्हणजे क्लॉकची वारंवारता मुद्दाम हलवत ठेवण्याची सोय, चालू असेल तर ती ३० ते ३३ किलोहर्ट्झच्या तालावर अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली जाऊन परत वर येते आणि पडद्यावर टोकाऐवजी ५०० किलोहर्ट्झ रुंद पठार दिसतं. घाबरू नका, ऑसिलेटर खराब नाही. फेज नॉइज मोजताना स्प्रेड बंद करा. तो चालू ठेवूनच मोजायचं असेल, तर ते काम वेगवान स्कोपचं.

शेवटी नोंद

वही उघडा आणि मोजमाप चालू असतानाच लिहा, घरी जाऊन नाही. आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

"१५६.२५ मेगाहर्ट्झ, बफरचं आउटपुट २, बालून आणि डीसी ब्लॉक लावून. पट्टा १० किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ. स्पर वगळून २१५ फेम्टोसेकंद, स्पर धरून २४०. ४ मेगाहर्ट्झचा फिल्टर लावून, स्पर धरून १९०. सर्वांत मोठा स्पर ६.२५ मेगाहर्ट्झवर, उणे ८३ डीबीसी, दोन्ही बाजूंना सारखा. सरासरी १०० वेळा. बोर्ड बॅटरीवर. खोली २७ अंश, कुलर बंद."